सांडवा आधी, साठा नंतर: बालाघाटावरच्या एका गावानं पाण्याचा आराखडा कसा बदलला

गावाची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत. शिवाराचं क्षेत्र, बांधांची मापं, विहिरींची संख्या हे आकडे गोळाबेरजेत ठेवले आहेत. पावसाची वर्षं आणि सार्वजनिक घटना मात्र जशाच्या तशा आहेत.

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेवर हे गाव आहे. शिवार साधारण ९०० हेक्टरचं. वरचा तिसरा हिस्सा माळाचा: गायरान, थोडी वनखात्याची जमीन, बाकी बरड, म्हणजे उथळ मातीची खडकाळ जमीन. मधल्या पट्ट्यात हलकी ते मध्यम जमीन आणि नाल्याच्या काठानं खाली उतरत गेलं की काळी. खरिपाला सोयाबीन, तूर, थोडी बाजरी आणि उडीद. रब्बीला ज्वारी आणि हरभरा. ज्यांच्या विहिरीला पाणी टिकतं अशा काही घरांकडे ऊस आहे, तिघाचौघांकडे मोसंबी. जवळपास निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या पुढेमागे परततात. या स्थलांतराचा पाणलोटाच्या आराखड्याशी काही संबंध असेल असं कुणालाच वाटत नव्हतं. पुढे सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला.

पाणी अडवण्याची कामं या गावाला नवी नव्हती. गावाच्या वरच्या अंगाला असलेला पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातला. आज सत्तरी ओलांडलेल्या बायकांनी तिथे डोक्यावरून माती वाहिली आहे. पुढे बांधबंदिस्ती झाली. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं, त्यानंतर मुख्य नाल्यावर ओळीनं चार सिमेंट नालाबांध झाले आणि त्यांच्यामधला नाला पोकलेन लावून खोल आणि रुंद केला गेला. २०१६ ला पाऊस चांगला झाला, चारही बांध तुडुंब भरले आणि गाव कागदोपत्री ‘जलपरिपूर्ण’ झालं.

दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये पावसानं दगा दिला. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. गावात टँकर सुरू झाला तेव्हा थंडी सरायची होती. मग आलं २०२१.

अडचण नेमकी कुठे होती

सप्टेंबर २०२१ च्या शेवटी गुलाब चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून गेले. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नदीकाठची पिकं पाण्याखाली गेली. या गावात दुसऱ्या क्रमांकाच्या नालाबांधाची भिंत शाबूत राहिली, पण पाण्यानं तिच्या डाव्या बाजूची दरड कापली आणि शेजारच्या शेतातून नवी वाट काढली. तीन शेतकऱ्यांची वरची सुपीक माती गेली, एकाची विहीर गाळानं बुजली. २०२२ च्या सुरुवातीला आम्ही एका स्वयंसेवी संस्थेच्या वतीनं आराखड्याच्या कामाला गेलो, तेव्हा त्या शेताच्या मालकांनी, गावात त्यांना सगळे आबा म्हणतात, आम्हाला थेट तिथेच नेलं.

“बांध हाय तिथंच हाय,” आबा म्हणाले, “नालाच निघून गेला.”

असं का झालं हे जागेवर उभं राहिल्यावर कळत होतं. नाला रुंद करताना पोकलेननं काठाची घट्ट माती ओढली होती. भिंतीची दोन्ही टोकं ज्या दरडीत घट्ट रुतलेली असायला हवीत, ती दरडच पातळ झाली होती. शिवाय काढलेली माती काठावरच टाकली होती. तीच पहिल्या मोठ्या पावसात परत नाल्यात आली आणि बांधामागे साठली. पाण्याला वर चढण्यावाचून वाट उरली नाही.

खरं कारण मात्र आणखी मागे, जुन्या आराखड्यात होतं. तो आराखडा काढून पाहिला. त्यात एकच पाऊस होता: वार्षिक सरासरी, साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या दरम्यान. त्या आकड्याला क्षेत्रानं गुणलं होतं, अपधाव (वाहून जाणारं पाणी) काढला होता, माणसं, जनावरं आणि पिकं यांची गरज टीसीएममध्ये (हजार घनमीटरमध्ये) मांडली होती आणि जेवढी तूट दिसली तेवढ्या साठ्याची कामं सुचवली होती. गणितात चूक नव्हती. पण गेल्या काही वर्षांत तसा सरासरीचा पाऊस गावानं क्वचितच पाहिला होता. २०१४ आणि २०१५ कोरडी, २०१६ चांगलं, २०१८ कोरडं, २०२१ अति. आणि वर्षाचा एकूण आकडा सरासरीजवळ असला तरी आतमध्ये तीन-तीन आठवड्यांचे खंड आणि एका रात्रीत महिन्याचा पाऊस, असं चित्र होतं.

हे एका गावाचं रडगाणं नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, विस्तृत भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं त्यात दिसलं. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. पडतो तेव्हा तो पाऊस धो धो पडतो.

दुसरी अडचण जमिनीखालची. हा सगळा काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा मुलूख. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि झिजलेला, भेगाळलेला खडक. खाली अखंड पाषाण. भूजलाच्या मूल्यांकनात अशा झिजलेल्या बेसॉल्टची पाणी देण्याची क्षमता साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टर क्षेत्राखालची पाणीपातळी एक मीटरनं खाली गेली, तर त्यातून मिळतं सुमारे दोन लाख लिटर, म्हणजे त्या हेक्टरवर पडलेल्या अवघ्या २० मिलिमीटर पावसाइतकं पाणी. ही भूजलाची तिजोरी लहान आहे. चांगल्या पावसात ती भरते, पण एक वर्षाची शिल्लक पुढच्या दुष्काळी वर्षापर्यंत पुरेल इतकी ती मोठी नाही. हा मुद्दा गावकऱ्यांना पटायला सगळ्यात जड गेला, कारण ‘पाणी जिरवलं की कायमची सोय’ हे वर्षानुवर्षं सभांमधून ऐकलेलं होतं.

समोर आलेले पर्याय

पहिली मागणी सरपंच आणि तरुण मंडळींची: नाला पुन्हा खोल करा, गाळ काढा, वर पाचवा बांध घाला. काम लवकर दिसतं, यंत्रानं होतं, निधीही त्याच कामाला सहज मिळतो. पण दोन ठिकाणी पोकलेन आधीच मुरूम संपवून पाषाणापर्यंत पोचला होता. तिथे आणखी खोल गेलं तर पाणी साठलेलं दिसतं, जिरत मात्र नाही.

दुसरी मागणी बागायतदारांची. ते जालना जिल्ह्यातल्या कडवंचीला जाऊन आले होते. तिथली द्राक्षं आणि शेततळी पाहून त्यांना वाटलं, आपणही प्रत्येकानं प्लॅस्टिकचं शेततळं केलं की प्रश्न मिटला. कडवंचीत शेततळ्यांच्या आधी १९९० च्या दशकात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम झालं, हे मात्र परत येताना गाडीत कुणाच्या बोलण्यात आलं नाही. शेततळं वाईट नाही. ते कशानं भरायचं हा खरा प्रश्न. पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरलं तर ती भर. बोअर चालवून भरलं तर शेजाऱ्याच्या विहिरीतलं पाणी उचलून उन्हात पसरण्यासारखं. मराठवाड्यात उन्हाळ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर वाफ होऊन जाते.

तिसरा पर्याय पहिल्यांदा मेंढपाळांच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मांडला, आणि तोही तक्रार म्हणून. माळावरून पाणी असं सुटतं की मेंढरं उभी राहत नाहीत, खाली काय बांधत बसलात, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले), ओघळींत अनघड दगडी बांध, मधल्या शेतांत कंपार्टमेंट बंडिंग (शेतातच लहान बांधांचे कप्पे). कामं कष्टाची, विखुरलेली, फोटोत न दिसणारी.

चौथा पर्याय पाणी अडवण्याचा नव्हताच, वापरण्याचा होता. बचत गटातल्या काही जणी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातलं हिवरे बाजार पाहून आल्या होत्या. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, त्यावर पिकं ठरतात आणि शेतीसाठी बोअर घ्यायला गावानंच बंदी केली आहे. त्यातल्या एक ताई सभेत उठून म्हणाल्या, “तिथं पाणी आपल्याइतकंच पडतंय. पडल्यावर ते त्याला विचारत्यात, तू किती दिवस पुरशील? आपण कधी विचारलंय का?”

पैसा आणि मनुष्यबळ पाहता सगळं एकदम होणार नव्हतं. क्रम ठरवायचा होता.

पहिला कळीचा निर्णय: बांधाची उंची कमी करायची

आधी फुटलेली बाजू सांधायची यावर एकमत होतं. कशी, यावर नव्हतं. आम्ही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूनं हिशेब मांडला. दुसऱ्या बांधाच्या वर सुमारे ३०० हेक्टर पाणलोट. एका पावसात १०० मिलिमीटर पडले आणि निम्मं पाणी वाहून आलं, तर ते होतं १ लाख ५० हजार घनमीटर, म्हणजे १५ कोटी लिटर. चारही बांधांचा मिळून साठा याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. बांध तासाभरात भरतात. उरलेलं नऊ दशांश पाणी कुठून जाणार?

हे पाणी तीन तासांत आलं तर सेकंदाला सरासरी १४ घनमीटर. ऐन जोरात त्याहून बरंच जास्त. बांधाचा सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर सोडणारी वाट, दहा मीटर लांबीचा. त्यावरून ६० सेंटिमीटर उंचीनं पाणी वाहिलं तर सेकंदाला जेमतेम ८ घनमीटर जातं. त्यापुढचं पाणी बाजूच्या दरडीला खेटणारच. सांडव्याचा माथा ३० सेंटिमीटरनं खाली घेतला, म्हणजे पाण्याला ९० सेंटिमीटरची वाट दिली, तर तोच सांडवा साडेचौदा घनमीटर सोडतो. लांबी चार मीटरनं वाढवली तर वीस. उंची दीडपट केली की वहन जवळपास दुप्पट होतं, हे खडूच्या आकड्यांत सगळ्यांना दिसलं.

तरी विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता. बांधाच्या वरच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांचं म्हणणं, दुष्काळी मुलखात साठा कमी करायचा म्हणजे काय? तीस सेंटिमीटर पाणी म्हणजे आमच्या हरभऱ्याचं एक पाणी. खालच्या अंगाचे, ज्यांची माती गेली होती, ते म्हणत होते, तुमच्या एका पाण्यासाठी आमचं रान किती वेळा जाऊ द्यायचं? दोन सभा यावरच झाल्या. तोड निघाली ती अशी: दुसऱ्या बांधाचा माथा खाली घ्यायचा, लांबी वाढवायची, पंखभिंती (बांधाच्या टोकांच्या भिंती) दरडीत खोलवर न्यायच्या, खाली पाणी आदळतं तिथे दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, करायचं, आणि जो साठा कमी होतो त्याच्या बदल्यात वरच्या अंगाच्या विहिरींना गाळणखड्डा करून पुनर्भरण द्यायचं, म्हणजे पावसाचं पाणी गाळून विहिरीत सोडायचं, तेही गावाच्या खर्चात. पाचवा बांध आराखड्यातून गाळला.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. आमच्याकडे जलसंधारणाच्या कामाचं यश नेहमी साठ्याच्या आकड्यात मोजतात. जास्तीचं पाणी सुरक्षित वाटेनं पुढे जाऊ देणं हेही जलसंधारणच आहे, हे एखाद्या गावानं स्वतःचं पाणी सोडून मान्य करणं सोपं नाही.

दुसरा निर्णय: माथ्यावर आधी हात घालायचा

माथ्यावरची कामं रोजगार हमीतून घ्यायची ठरली. या योजनेत अकुशल मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४० ठेवावं लागायचं. चर आणि दगडी बांध ही जवळजवळ सगळी मजुरीचीच कामं, त्यामुळे ती त्यात बसली. सिमेंटच्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी शोधावा लागला आणि त्यातच एक वर्ष गेलं.

इथे स्थलांतराचा प्रश्न समोर आला. काम मंजूर होऊन हजेरीपट निघेपर्यंत जानेवारी उजाडला आणि तेव्हा मजूर कारखान्यांवर. गावात उरलेली म्हातारी माणसं चर खोदणार नव्हती. शेवटी एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा एवढाच काळ हाती आहे, हे धरून पूर्ण वेळापत्रक उलटं मांडलं: कागदपत्रं आणि आखणी हिवाळ्यात, खोदाई परतीनंतर. दोन उन्हाळ्यांत गायरानावरचे चर आणि वरच्या ओघळींतले बहुतेक दगडी बांध झाले. वनखात्याच्या जमिनीवरची परवानगी आली नाही, त्यामुळे माथ्याचा एक तुकडा तसाच राहिला. सगळ्यात तीव्र उतार नेमका तिथलाच.

मधल्या पट्ट्यात कंपार्टमेंट बंडिंग आणि सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरी (बीबीएफ). बीबीएफ यंत्र आणून पहिल्या वर्षी मोजक्याच शेतकऱ्यांनी पेरणी केली. वरंब्यावर पीक आणि मध्ये सरी असल्यानं खंडात ओल टिकते आणि अतिपावसात पाणी सरीतून निघून जातं. दोन्ही टोकांना कामाला येणारी गोष्ट असेल तर ती अशी. खालच्या काळ्या पट्ट्यात उलट गरज होती: तिथे पाणी तुंबून रान चिबड होतं, म्हणून बांध वाढवण्याऐवजी निचऱ्याचे चर काढायचे होते. ते मात्र कुणाच्या शेतातून काढायचे यावर घोडं अडलं आणि बहुतांश अजून अडलेलंच आहे.

तिसरा निर्णय: पाऊस पाहून नव्हे, तारीख पाहून ठरवायचं

महसूल मंडळाच्या ठिकाणी महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र आहे, पण ते गावापासून दूर. मंडळात पाऊस लागतो आणि गाव कोरडं, असं अनेकदा होतं. म्हणून शाळेच्या गच्चीवर साधं पर्जन्यमापक बसवलं आणि शिवारातल्या आठ विहिरी निरीक्षणासाठी ठरवल्या: दोन वर, तीन मध्ये, तीन खाली. बचत गटातल्या दोघी जणी दर पंधरवड्याला टेप सोडून पातळी मोजतात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहितात. टेपच्या टोकाला वजन म्हणून जुना नट बांधलेला आहे. तो पाण्याला लागला की ‘टुप्’ असा आवाज येतो, आणि तोच मोजायचा क्षण, हे त्या नव्या मुलींना शिकवतात.

नोंदी सुरू झाल्या, पण नुसत्या नोंदींवरून कुणी पीक बदलत नाही. दुष्काळाच्या वर्षी प्रत्येक जण ‘अजून आठ दिवस बघू’ म्हणतो आणि सगळ्यांचे आठ-आठ दिवस मिळून हंगाम जातो. म्हणून नियम तारखांना बांधले. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही; हा कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला, तो फळ्यावरच्या आकड्याला जोडला. १५ जुलैपर्यंत तेवढा पाऊस झाला नाही तर मूग-उडदाचा विचार सोडायचा आणि तूर, बाजरीकडे वळायचं. ऑगस्टअखेर ठरवलेल्या आठपैकी पाच विहिरी आखलेल्या खुणेच्या खाली असतील, तर पाझर तलावातून शेतीला उपसा बंद. रब्बीचा पाण्याचा हिशेब घटस्थापना ते दसरा या काळात, म्हणजे तोडणीची गाडी निघायच्या आत, ग्रामसभेत वाचायचा.

हा शेवटचा बदल दिसायला किरकोळ आहे. पूर्वी हिशेब नोव्हेंबरात व्हायचा. त्या वेळी गावात असायचे ते मुख्यतः विहीरवाले आणि बागायतदार. पाणी कुणाला किती, हे ते आपसात ठरवायचे. सभा दसऱ्याच्या आत आल्यावर पहिल्याच वर्षी तोडणी कामगारांनी विचारलं, आमची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागे राहतात, त्यांना मार्चनंतर पाणी कोण देणार? त्या एका प्रश्नावरून पिण्याच्या विहिरीभोवतीच्या उपशाचा विषय निघाला. सार्वजनिक पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला कायद्यानं बंधन आहे, हे बहुतेकांना माहीत होतं. पण बंधन असूनही झालेल्या दोन बोअरबद्दल सभेत उघडपणे बोलणं त्याच दिवशी पहिल्यांदा झालं.

कसोटी: ऑगस्ट २०२३

त्या वर्षी मान्सूनच उशिरा आला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात राज्यात पसरला. जुलैत पाऊस झाला आणि मग ऑगस्ट पूर्ण कोरडा. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलात आणि शेंगा धरण्याच्या बेतात, आणि आभाळ निळं.

पेरणीचा नियम बहुतेकांनी पाळला होता, त्यामुळे दुबार पेरणीची वेळ फार थोड्यांवर आली. खंडाच्या तिसऱ्या आठवड्यात फरक उघड दिसू लागला. रुंद वरंबा सरीच्या आणि बांध घातलेल्या शेतांतली पानं दुपारी माना टाकायची आणि सकाळी परत उभी राहायची. शेजारच्या सपाट पेरणीत ती सकाळीही उभी राहत नव्हती. पण बरडावरचं पीक दोन्ही पद्धतींत गेलं. मातीला खोलीच नसेल तर ओल कशात धरायची? ही मर्यादा आराखड्यात ठळक लिहायला हवी होती. ती एका ओळीत उरकली गेली होती.

ऑगस्टअखेर आठपैकी सहा विहिरी खुणेच्या खाली होत्या. नियमाप्रमाणे तलावातला उपसा बंद व्हायला हवा होता. सरपंचांवर दोन्ही बाजूंनी दबाव आला. मोसंबीवाल्यांची बाजूही खरी होती: सोयाबीन गेलं तर एक हंगाम जातो, बाग वाळली तर दहा वर्षं जातात. शेवटी बागांना ठिबकवर, आठवड्यातून एकदा, सप्टेंबरअखेरपर्यंत मुभा आणि बाकी सगळे पंप बंद, असं ठरलं. नियम वाकला, मोडला नाही. सप्टेंबरात थोडा पाऊस आला. ऑक्टोबरच्या शेवटी राज्यानं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले.

रब्बीत गावानं ज्वारी-हरभऱ्याचं क्षेत्र घटवलं. नवीन ऊस लावायचा नाही, हे सभेत ठरलं आणि दोघांनी तरी लावलाच. प्रवाही पाण्यावरच्या उसाला वर्षभरात दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे इथल्या सरासरी पावसाच्या तिप्पट. त्या दोन रानांच्या भोवतालच्या विहिरी फेब्रुवारीतच आटल्या आणि ते फळ्यावर आकड्यांत उमटलं. टँकर लागला, पण २०१८-१९ सारखा थंडीत नाही. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात.

उलट टोकाची परीक्षा २०२५ च्या सप्टेंबरात झाली. मराठवाड्यात अतिवृष्टीनं हाहाकार उडवला. दुसरा नालाबांध जागेवर राहिला आणि आबांच्या शेतात पाणी शिरलं नाही. मात्र जिथे चर झाले नव्हते त्या वनजमिनीखालच्या ओघळीनं मधल्या पट्ट्यातले बांध फोडले, आणि निचऱ्याचे चर अडकलेल्या काळ्या रानात कापणीला आलेलं सोयाबीन उभ्या उभ्या सडलं.

काय साधलं, काय नाही

ज्या बाबतीत निर्णय एका यंत्रणेच्या किंवा एका सभेच्या हातात होता ते झालं: सांडवा, गायरानावरचे चर, पर्जन्यमापक, पेरणीचा नियम. ज्यासाठी दोन शेजाऱ्यांनी किंवा दोन खात्यांनी एकमेकांकडे बघायचं होतं ते रखडलं: निचरा, वनजमीन, ऊस. शेततळी या काळात नऊ-दहा झाली. त्यातली निम्मी ओढ्याच्या पाण्यावर भरतात, निम्मी बोअरवर. बोअरवर भरलेल्या तळ्याचं पाणी गावाच्या ताळेबंदात कुठे धरायचं, यावर अजून एकवाक्यता नाही. मालक म्हणतात ते साठलेलं पाणी. मोजणाऱ्या दोघी ते उपशात लिहितात. मला त्या दोघींचं बरोबर वाटतं.

आज पुन्हा करायचं झालं तर

मेंढपाळांशी बोलणं पहिल्या महिन्यात व्हायला हवं होतं. माथ्यावर काम करा हे सांगणारी वस्ती तीच, आणि चर झाल्यावर चराईबंदीचा पहिला फटकाही तिलाच. झाडं आणि गवत धरेपर्यंत गायरान बंद ठेवणं गरजेचं होतं, पण चारा कुठून आणायचा याची तरतूद नव्हती. पहिल्या पावसाळ्यात रात्री मेंढरं चरांतून गेली, काठ ढासळले, भांडणं पोलीस ठाण्यापर्यंत गेली. दुसऱ्या वर्षी गायरानाचे तीन भाग करून आळीपाळीनं एक भाग खुला ठेवला, तेव्हा कुठे मिटलं. ही आळीपाळी पहिल्या दिवसापासून आराखड्यात असायला काहीच हरकत नव्हती.

देखभालीचे पैसे कामाच्या अंदाजपत्रकातच बाजूला काढायला हवेत. चर गाळानं भरतात, दगडी बांधातले दगड निसटतात, पुनर्भरणाच्या गाळणखड्ड्यातली वाळू दरवर्षी धुवावी लागते. नाही धुतली तर गढूळ पाणी थेट विहिरीत. या दुरुस्त्यांची वेळ पावसाळा संपतानाची, म्हणजे नेमकी मजूर निघून जाण्याची. दसऱ्याच्या सभेला जोडून दोन दिवस मजुरी देऊन दुरुस्ती, असा पायंडा आता पडतो आहे. पहिली दोन वर्षं वर्गणीवर भागवलं आणि वर्गणी त्यांनीच दिली ज्यांचं रान वाचलं होतं.

निचऱ्याच्या चरांची वाटाघाट सांडव्याच्या वाटाघाटीसोबत, त्याच सभेत करता आली असती. तेव्हा गाव देवाणघेवाणीच्या मनःस्थितीत होतं: वरच्यांनी साठा सोडला, गावानं पुनर्भरणाचा खर्च उचलला. खालच्यांनी चरासाठी पट्टा सोडावा, हा तिसरा सौदा तिथेच बसला असता. आता तो सुटा पडला आहे आणि सुटं मागणं कुणाला देववत नाही.

आणि बायकांना विचारायचं ते फक्त ‘पाणी किती लांबून आणता’ एवढंच नव्हे. कोणत्या हातपंपाचं पाणी आधी तुटतं, त्याच्या किती दिवसांनी कोणत्या आडाचं पाणी खारट लागायला लागतं, हा क्रम त्यांना तोंडपाठ होता. निरीक्षणाच्या आठ विहिरी आम्ही नकाशा पाहून निवडल्या. त्यांच्या क्रमातला सगळ्यात आधी आटणारा आड त्यात नव्हता. तो २०२४ पासून नववा म्हणून घेतला आहे, आणि यंदाच्या दसऱ्याच्या सभेत उपसाबंदीची खूण त्या आडावर ठेवायची की जुन्या आठपैकी पाच विहिरींवर, हा ठराव मांडला जाणार आहे. मोसंबीवाल्यांचा त्याला विरोध आहे. तोडणीवाल्यांनी गाडी एक दिवस उशिरा काढायची, पण सभेला थांबायचं, असं मुकादमांना सांगून ठेवलं आहे.